चारचं टेंपरेचर

आत्या कराडला राहते. न्हाणीघरात पाय घसरून तिचा खुबा मोडला आणि कुणी काही ठरवायच्या आत गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली होती. कराडात हाडांचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो मिरजेकडंच तोंड करतो. आता तिथं गल्लोगल्ली दवाखाने झालेत. त्यातल्याच एकात आत्याचं ऑपरेशन झालं. जनरल वॉर्डात आणल्यावर एका दुपारी, साडेतीनचा सुमार असेल, जेवणानंतरची सुस्ती होती, डब्यांतल्या आमटीचा वास आणि फिनेलचा वास एकमेकांत मिसळला होता. एक तरुण सिस्टर आली, पलंगाच्या पायथ्याची फाईल उचलली, उभ्या उभ्याच टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या, तक्त्यात चार वाजताच्या रकान्यात तीन आकडे घातले आणि फाईल परत अडकवायला वाकली. आत्याचा चष्मा उशीखाली होता, पण पेन कुठं थांबलं यावरून तिला कळलं.

"अगं पोरी, चार कुठं वाजलेत?"

सिस्टर हसली. "आजी, राऊंड लवकर हाय आज. फाईल पूर्ण लागती."

"मग थर्मामीटर लाव की."

"काय ताप नाही तुम्हाला, चांगल्या आहात."

आत्यानं तिचं मनगट धरलं. सलाईनची सुई टोचलेल्या हातानं. "बघितल्याबिगर लिवायचं नाही," ती म्हणाली, आवाज न चढवता, पण शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली इतक्या करड्या स्वरात. पोरगी लाल झाली. थर्मामीटर आणलं, लावलं, वाट बघितली, आधीचा आकडा खोडून नवा लिहिला. दोन्हींत फरक होता तो फक्त एका पॉइंटचा. अख्ख्या वॉर्डाला ती एकटी होती, सकाळपासून उभी होती, आणि मी "असू दे गं आत्या" असं पुटपुटलो तर आत्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. संध्याकाळचा चहाही घेतला नाही.

मला ते खटकत राहिलं. आत्या रिटायर्ड नर्स आहे, सरकारी नोकरीतली एएनएम, पंचक्रोशीतल्या माणसांची 'नर्सबाई'. शिस्तीची आहे, पण खडूस नाही. कुठल्याही हॉस्पिटलात गेली की तिथल्या पोरींना आधी तुमचा पगार वेळेवर होतो का विचारणारी. मग अर्ध्या तासासाठी, तेही ताप नसताना, त्या पोरीचा पाणउतारा का? पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मी तो तक्ताच बघत राहिलो. चार-चार तासांचे रकाने, लाल आणि निळी शाई, खाली सही. पेशंटच्या अंगात काय चाललंय ते कागदावर उमटवायची ही पद्धत, ड्यूटी बदलताना द्यायचं हँडओव्हर, मेट्रन, सिस्टर, स्टाफ अशी उतरंड, इस्त्रीचा युनिफॉर्म, 'यस मॅडम'. दवाखान्यात वाढलेल्या या सगळ्याला छावणीचा वास येतो.

आणि तो यायचाच. क्रिमियाचं युद्ध झालं नसतं तर फ्लोरेन्स नाइटिंगेल ही एका श्रीमंत घरातली हट्टी मुलगी राहिली असती. तिचा दिवा शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना पाठ आहे. तिच्या वह्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या बराकीत पोचली, आणि पुढच्या फेब्रुवारीत तिथं दाखल होणाऱ्या शंभर शिपायांमागं बेचाळीसेक दगावत होते. म्हणजे ती आल्यावर. जेवण सुधारलं, चादरी आल्या, रात्रीच्या फेऱ्या झाल्या, तरी माणसं मरत होती, कारण ती इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाची माणसं आली, गटारं उपसली, भिंतींना चुना दिला, आणि जूनपर्यंत ते प्रमाण शंभरी दोनवर आलं. तिला याचा पुरता अर्थ लागला तो लढाई संपल्यावर, लंडनमध्ये विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाबरोबर कागद मांडून बसली तेव्हा. ज्यांच्या उशाशी ती रात्र-रात्र उभी राहिली ती माणसं कशानं गेली, हे तिला तिच्याच नोंदींनी सांगितलं. त्या क्षणी तिला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. ती गप्प बसली नाही. रंगीत पाकळ्यांच्या आकृत्या काढून तिनं सरकारच्या तोंडावर मारल्या. १८५८ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली, आणि १८६० मध्ये, युद्धाच्या काळात लोकांनी कृतज्ञतेनं जमवलेल्या निधीतून, सेंट थॉमस हॉस्पिटलात तिची नर्सिंगची शाळा निघाली. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण इथल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ माणसं मरतात हा आकडा तिनं बसल्या जागेवरून उकरून काढला होता. बघून, मोजून, लिहायचं. नर्सिंगचं मूळ ते.

गोऱ्या फौजेत, असं मी मुद्दाम लिहिलं. १८८८ साली मुंबईच्या धक्क्यावर पहिल्या दहा प्रशिक्षित लष्करी नर्सेस उतरल्या त्या गोऱ्या सोल्जरांसाठी. देशी पलटणींची इस्पितळं वेगळी, बाईमाणूस तिथं नाहीच. जखमी शिपायाचं अंग पुसायचं ते त्याच्याच पलटणीतल्या कुणीतरी. १९१५ साली जखमी हिंदी शिपायांना इंग्लंडात नेलं तेव्हाही एका वृत्तपत्रात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या खुदादाद खानाच्या शेजारी गोरी नर्स उभी असलेला फोटो छापून आला आणि एवढा गहजब झाला, की वरून हुकूम सुटून हिंदी शिपायांच्या इस्पितळांतून नर्सेस काढून घेतल्या गेल्या. शिपायाची जखम साम्राज्याच्या कामाची, पण त्याला लागलेला हात कुणाचा यावर साम्राज्याची अब्रू.

आत्याचं सासर साताऱ्याजवळचं, अपशिंग्याच्या शिवेलगतचं. अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते हेच, जिथं घरटी एक तरी माणूस फौजेत असतो आणि पहिल्या महायुद्धात ज्या गावची ४६ माणसं कामी आली. आत्याच्या आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ त्या लढाईत मेसापोटेमियात गेला. घरी त्याचं नाव घेताना अजून 'बसऱ्याला गेलेला' म्हणतात, जणू कामाला गेलाय आणि येईल. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आणि १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या दाराशी, टेसिफोनला, त्यांची दाणादाण उडाली. बैलगाड्यांसारख्या बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून जखमींना खडकाळ वाटेनं नदीपर्यंत आणलं आणि मग टायग्रिसमधल्या बोटींवर नुसतं टाकलं. नर्स नाही, पुरेसे डॉक्टर नाहीत, हगवणीची माणसं आणि मोडक्या पायांची माणसं एकावर एक. बसऱ्याला हॉस्पिटल-बोटीवर मेजर कार्टर नावाचा डॉक्टर होता. 'मेजिदिए' ही बोट किनाऱ्याला लागताना बाजूंना दोर लोंबताहेत असं त्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं की तो कठड्यावरून ओघळून वाळलेला मैला आहे. शिपायांना जागचं हलता येत नव्हतं. काहींची हाडं बांधायला लाकडी पट्ट्याही मिळालेल्या नव्हत्या.

आता याच जखमींबद्दल वर गेलेली तार बघा. वैद्यकीय व्यवस्था अडचणीतूनही उत्तम चालली, जखमींची प्रकृती समाधानकारक. कार्टरनं जे दिसलं ते लिहून दिलं तर वरिष्ठांनी त्याला अटकेची धमकी दिली. १९१७ मध्ये मेसापोटेमिया आयोगाचा अहवाल बाहेर आला, लंडनमध्ये भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, आणि त्यानंतरच देशी शिपायांसाठी धड लष्करी इस्पितळं मंजूर झाली. आमच्या 'बसऱ्याला गेलेल्या'चं काय झालं ते घरात कुणाला ठाऊक नाही. तो रणात पडला की बोटीवर, याची नोंद असलीच तर कुठल्या तरी तारेतल्या 'समाधानकारक'मध्ये असेल.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच चक्र फिरलं, थोडं वेगळं. फौजेला नर्सेस हव्या होत्या म्हणून १९४३ मध्ये वटहुकूम निघाला आणि लष्करी नर्सिंग सेवेतल्या बायकांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. सार्वजनिक आरोग्याची पाहणी करायला त्याच वर्षी नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस होत्या सातेक हजार. त्रेचाळीस हजार माणसांमागं एक. त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती, कारण परक्या पुरुषाचं आणि परक्या जातीचं अंग पुसायला इतरांच्या घरातून मुलगी निघत नव्हती. आत्या नर्सिंगला गेली तेव्हा, म्हणजे पुष्कळ नंतर, आमच्या आजीनं सहा महिने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही असं घरात सांगतात. आजी होती तशी, पण पहिल्या पगारातून आलेलं लुगडं मात्र तिनं नेसलं.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळायला आणखी एक निमित्त होतं. माझी पुतणी ऋतुजा सांगलीत बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विश्रामबागला जर्मनच्या क्लासला जाते. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना जर्मनीला जायचंय. तिकडं म्हातारी माणसं फार आणि नर्सेस कमी. महाराष्ट्र सरकारनं तिथल्या एका राज्याशी करारही केलाय. मिरजेला आत्याजवळ रात्री थांबायला आली की ती कानात वायर घालून क्रियापदं पाठ करायची, आणि मी शेजारी बसून मोबाईलवर जर्मनीतल्या नर्सिंगबद्दल जे सापडेल ते वाचायचो. त्यात हादामार आलं.

हादामार हे हेसेन प्रांतातलं लहानसं गाव. तिथल्या मनोरुग्णालयात १९४१ च्या जानेवारी ते ऑगस्ट एवढ्या काळात दहा हजारांवर माणसं गॅसनं मारली गेली. वेडे, अपंग, फिट येणारे, राज्यकर्त्यांच्या हिशेबात 'निरुपयोगी'. करड्या रंगाच्या बसमधून त्यांना आणायचं. नर्सेसनी कपडे काढायला मदत करायची, तपासणीला न्यायचं, अंघोळीची खोली म्हणून जिथं न्यायचं तिथं दार बंद व्हायचं. दहा हजारावं प्रेत जाळलं तेव्हा कर्मचाऱ्यांना बिअर वाटली होती. बिशप गालेन यांनी चर्चमधून जाहीर बोंब केल्यावर हिटलरनं गॅस थांबवायला सांगितलं, पण मारणं कायमचं थांबलं नाही. वर्षभरानं, १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत, हादामारात ते काम नर्सेसच्या हातात आलं: ल्युमिनल या झोपेच्या औषधाच्या गोळ्या, मॉर्फिनची इंजेक्शनं, उपासमार. आणखी चारेक हजार. सकाळी डॉक्टरनं यादीवर खूण करायची, रात्रपाळीनं डोस द्यायचा, सकाळी मेलेल्यांची नोंद.

त्या नोंदीनंच मला झोप लागू दिली नाही. मृत्यूचं कारण लिहायला वेगळी कचेरी होती. न्यूमोनिया, हृदयविकार, अपेंडिक्स. कुणाच्या घरी अपेंडिक्स फुटून गेल्याचं पत्र गेलं, आणि त्या माणसाचं अपेंडिक्स तर कितीतरी वर्षांपूर्वीच काढलेलं. असे घोटाळे झाले म्हणूनच लोकांना संशय आला. स्कुतारीच्या वहीनं मेलेल्या माणसांची बाजू घेतली होती. इथं तीच उभी-आडवी रेघोट्यांची वही, तेच सुवाच्य अक्षर, तीच सही.

या बायका राक्षसिणी होत्या असं म्हणून सुटता येत नाही. आपल्या मुली दिवा हातात घेऊन जी नाइटिंगेल-शपथ घेतात ती नाइटिंगेलनं लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर नावाच्या बाईंच्या पुढाकारानं ती तयार झाली. तिच्यात एक वाक्य आहे की कुणालाही जाणूनबुजून घातक औषध देणार नाही. आणि दुसरं, डॉक्टरांच्या कामात निष्ठेनं साथ देईन. एरवी ही दोन वाक्यं गुण्यागोविंदानं नांदतात. डॉक्टरच घातक डोस लिहितो तेव्हा कुठलं पाळायचं, हे शपथेत नाही. जर्मन नर्सेसनी कुठली का शपथ घेतली असेना, वळण तेच होतं: प्रश्न विचारायचा नाही. १९४५ च्या ऑक्टोबरात अमेरिकनांनी हादामारचा खटला चालवला, तोही पोलंड आणि रशियातून आणलेल्या ४७६ मजुरांच्या खुनांपुरता. व्यवस्थापक आणि दोन पुरुष नर्सेस फासावर गेले. मुख्य नर्सला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि १९५२ मध्ये ती सुटलीही. अशाच दुसऱ्या एका रुग्णालयातल्या, मेझेरिट्झच्या, १४ नर्सेसवर म्युनिकमध्ये १९६५ साली खटला झाला. सगळ्या निर्दोष सुटल्या. आम्ही हुकूम पाळला, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कोर्टाला ते पटलं.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की साऱ्या जर्मनीला लागू होणारा नर्सिंगचा पहिला एकसारखा कायदा हिटलरच्याच राज्यात झाला, १९३८ मध्ये. प्रशिक्षणाचा काळ ठरला, परीक्षा ठरली, परवाना ठरला. ज्यासाठी इतर देशांतल्या नर्सेस वर्षानुवर्षं भांडत होत्या ते हुकूमशहानं एका कागदावर देऊन टाकलं, आणि ज्यू मुलींना त्याच कागदानं ज्यू रुग्णालयांपुरतं कोंडलं. हुकूमशहांना नर्स आवडते. ती पोचते तिथं पोलीस पोचत नाही, आणि दार तिला उघडतात.

तिला ताब्यात ठेवायचे मार्गही त्यांना बरोबर सुचतात. ज्या सालाझारच्या राजवटीविरुद्ध आपल्याकडची माणसं गोव्याच्या हद्दीवर गोळ्या खायला गेली, त्यानं पोर्तुगालमध्ये १९४२ साली फतवा काढला की हॉस्पिटलात नर्स म्हणून लग्न न झालेल्या किंवा मूल नसलेल्या विधवा बाईनंच राहायचं. इसाउरा बोर्जेस कोएल्यो ही नर्स त्याविरुद्ध सह्या गोळा करत फिरली, १९५३ मध्ये तिला राजकीय पोलिसांनी उचललं, तुरुंगात टाकलं. बंदी उठली १९६३ मध्ये. फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९५३ मध्ये नर्स, सुईण आणि ड्रेसर हे तिन्ही धंदे एकत्र कोंबून 'तांत्रिक सहायक' केले, मुलींच्या शाळांना वसतिगृह सक्तीचं, मुलांच्या नाही. मुलींना वर घरकामाचे धडे. फ्रँको गेल्यावर १९७७ मध्ये नर्सिंग तिथं विद्यापीठात गेलं. हे वाचून मी 'हुकूमशहा तो हुकूमशहाच' म्हणणार होतो, तेवढ्यात आपल्याकडचा निकाल आठवला. लष्करी नर्सिंग सेवेतल्या एका लेफ्टनंटला १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून घरी पाठवलं होतं. तो नियम १९७७ चा, मागं घेतला १९९५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ६० लाख रुपये द्यायला सांगितले, तोवर तिची नोकरीची सगळी वर्षं सरून गेलेली. म्हणजे सालाझारनं १९६३ ला सोडलेला नियम आपण लोकशाहीत चौदा वर्षांनी नवा करून लावला.

हे मी आत्याला सांगितलं. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, वॉर्डातले मोठे दिवे बंद झालेले, टेबलापाशी एकच ट्यूब. लग्नबंदीचं ऐकून ती हसली. हादामारचं मी थोडक्यात सांगितलं, वाईट वाटेल म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रजिस्टर कोण भरायचं?"

मग ती बोलायला लागली. कबुली दिल्यासारखी नव्हे. ड्यूटी संपवून पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देतात त्या आवाजात.

७६ सालचा हिवाळा. आत्या कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रावर, नोकरीत नवी. आणीबाणीला वर्ष उलटून गेलेलं. नसबंदीचं टार्गेट सगळ्यांनाच होतं, मास्तरांना, तलाठ्याला, ग्रामसेवकाला. पण पुरुषाला 'केस' म्हणून कॅम्पला आणायची आणि फॉर्म भरायचा ही कामं नर्सबाईच्या गळ्यात. केसेस पुऱ्या नाहीत म्हणून तिचा पगार अडकलेला. भावाच्या फीचे पैसे तिच्यावर, हा भाऊ म्हणजे माझे वडील. महाराष्ट्र विधिमंडळानं त्याच वर्षी तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, पण वाडीवस्तीवर कोण सह्या बघत बसलंय. कॅम्प शाळेत. बाकं बाहेर काढून खोल्या धुतलेल्या, ओटीवर स्पिरिटचा वास, दारात जीप. ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या एका गड्याला कुणीतरी घेऊन आलं. परमुलखाचा माणूस, ओळखीचं कुणी नाही, मुकादमानं बस म्हटलं तिथं बसलेला. आत्या त्याला ओळखत होती, कारण आदल्याच आठवड्यात त्याच्या पोरीच्या पायावरच्या फोडाला तिनं मलमपट्टी केली होती. एकच पोरगी. ती बाहेर बैलगाडीच्या जुवावर बसून दातानं ऊस सोलत होती, पायाची पट्टी धुळीनं काळी झालेली.

"हयात मुलं किती, असा रकाना होता," आत्या म्हणाली. "मी एक लिवलं. सायेबानं फॉर्म परत टाकला. म्हणाला, बाई, एकवाला चालत नाही, तीन पायजेत. मी म्हटलं, पोरगी भाईर बसलीया. तो म्हणाला, तुम्ही मोजायला आलाय का लिवायला?"

तिनं तीन लिहिले. दोन मुलगे, एक मुलगी. खाली 'स्वखुशीने' छापलेलंच होतं, त्यावर त्याचा अंगठा. त्याला पैसे मिळाले आणि एक बादली. पोरीनं ती बादली डोक्यावर पालथी घातली आणि हसली.

१९७६-७७ या वर्षात देशभर ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत ६२ लाख पुरुष. आदल्या वर्षीच्या तिप्पट. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढं नंतर १,७७४ मृत्यू आले आणि लग्नच न झालेल्यांच्या ५४८ तक्रारी. बायको आणि एक पोर असलेल्या पण कागदावर तीन पोरांच्या बापांचा रकाना आयोगाकडं नसावा. आत्याला त्या महिन्याचा पगार मिळाला.

पुढं काय झालं ते तिनं जास्त रंगवून सांगितलं, कदाचित ते सांगायला सोपं म्हणून. पांढरं पातळ लांबून दिसलं की गडी उसात पळायचे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पाचट वाजायचं आणि माणूस दिसायचा नाही. बाया ट्रिपल लसीला पोरं आणेनात. नर्सबाईच्या सुईनं पोर बाद होतं, अशी आवई. एका घरात बाळंतीण अडली तेव्हा सासूनं आत्याला उंबऱ्यातच थांबवलं. सरकार पडलं, निवडणूक झाली, दिल्लीत सगळं बदललं, पण त्या गावात आत्याला पुन्हा भाकरी-कालवण मिळायला बरीच वर्षं गेली, आणि ती मिळवली ती रात्री-अपरात्री सायकलवरून जाऊन केलेल्या बाळंतपणांनी. मजा म्हणजे नेमक्या त्याच वर्षी, १९७७ मध्ये, एएनएमचा कोर्स दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला आणि सुईणपणातून तिला काढून 'बहुउद्देशीय' केलं. टार्गेट रद्द झाल्याचं जाहीर झालं १९९६ मध्ये. आत्या म्हणते, नाव गेलं, तक्ता राहिला.

मी तिला विचारलं, नाही म्हटलं असतंस तर? हा प्रश्न विचारणं सोपं आहे, खुर्चीत बसून. आत्यानं उत्तर दिलं नाही, दुसरीच गोष्ट काढली. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टर-नर्सेसनी दुसऱ्याच दिवशी कामावर न जाण्याचं ठरवलं, छातीवर लाल फिती लावल्या. पुढं कितीतरी जणी लपून, लोकांच्या घरांत, देवळांत दवाखाने चालवू लागल्या. ते तिनं टीव्हीवर बघितलं होतं. "त्या पोरी लई धाडसाच्या," ती म्हणाली. "पण पयल्या महिन्याला त्यांच्या घरी चूल कुणी पेटवली, ते टीव्हीवाल्यानं दाखवलं नाही." पुढं म्हणाली, सरकारी दवाखान्यात पडलेल्या म्हाताऱ्याला कुणी बघितलं तेही नाही दाखवलं. तिच्या बोलण्यात कौतुक किती आणि तक्रार किती, मला वेगळं काढता आलं नाही. वॉर्सातल्या ज्यू वस्तीभोवती नाझींनी भिंत घातली तेव्हा लुबा ब्लुम-बिएलित्स्का यांनी आतली नर्सिंगची शाळा चालूच ठेवली होती, मुलींना शिकवलं होतं. ते मी तिला सांगितलं. ते तिला आवडलं. "शाळा चालू ठिवली ना? मग बरोबर," ती म्हणाली.

ऋतुजा हे सगळं ऐकत होती. कानातली वायर तिनं कधी काढली ते मला कळलं नाही. तिला मी म्हटलं की हादामारला आता स्मारक आहे, ते तळघर, तो अंघोळीचा म्हणून दाखवलेला कक्ष लोकांना बघता येतो, जर्मनीतल्या नर्सिंगच्या मुली तिथं सहलीला जातात. तू गेलीस तर बघून ये. ती म्हणाली, "काका, आधी माझी जर्मनची बी-वन परीक्षा होऊ दे. मग तिकडं गेल्यावर बी-टू, त्याशिवाय नर्स म्हणून मान्यता नाही, तोवर नुसती हेल्पर." मग थोडं थांबून तिनं विचारलं, तिथल्या नर्सला डॉक्टरच्या ऑर्डरवर लेखी हरकत घेता येते का? मला माहीत नव्हतं. आत्यानं मला उशीखालचा चष्मा द्यायला लावला आणि ऋतुजाला म्हणाली, "ते जायच्या आधी विचारून घे. पगाराच्या आधी विचार."